गुप्ते सरांच्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण

“कळल्याबिगर मान डोलवायची नाय, सगुणा. समोर कोन का आसंना.”

आबांनी हे सांगितलं तेव्हा मी तिसरीत होते. गुरुजींनी वर्गाला विचारलं होतं, समजलं का, आणि सगळ्यांबरोबर मीही मान हलवली होती. घरी येऊन त्याच गणिताला अडले. आबा रेल्वेत गँगमन होते, ठाणे ते कळवा रूळ तपासत चालायचे. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, आपल्या लोकांनी लई वर्सं मान डोलवली, आता आपल्यापासून बंद. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून खाडीत सोडले होते. त्यामुळे त्यांचं बोलणं मला नुसतं बोलणं वाटायचं नाही.

अडतीस वर्षांची होईपर्यंत मी ते पाळलं. रोज पहाटे तसबिरींपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण आणि पंचशील म्हणते. पौर्णिमेला पांढरी साडी नेसते, उपोसथ करते, दुपारनंतर अन्न घेत नाही. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातून आल्यापासून त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मौनही पाळते. पाच शिलांपैकी चौथं, खोटं बोलणार नाही हे, मला सगळ्यांत सोपं वाटायचं. मी मुळात बोलतेच कमी. त्याच शिलात मी बुडाले, आणि तेही तोंड न उघडता.

गेल्या वर्षीची, नव्वद सालची गोष्ट. यजमान वारल्यापासून मी किसननगरच्या चाळीत धाकट्या भावाकडे, जगनकडे राहत होते. जगन वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टर्नर. अकरा वर्षं एकाच लेथवर. कंपनी आदल्या दिवाळीत बंद पडली होती आणि गेटबाहेर निळं प्लास्टिक बांधून वीसेक कामगार पाळीपाळीनं बसत होते. बंद म्हणजे कायमची बंद, असं कुणी मानत नव्हतं. महिन्यातून एकदा दोघांना आत सोडायचे, यंत्रांना गंज चढू नये म्हणून तेलपाणी करायला. त्यातला एक जगन. त्या दिवशी तो नवरदेवासारखा दाढी करून जायचा. “आज मालकीणबाईला भेटायला चाललाय,” असं माझी भावजय रंभा चिडवायची. लेथच्या झाकणावर त्यानं पंचनं ठिपके ठोकून स्वतःचा ‘ज’ काढलेला.

मी टेंभी नाक्याजवळच्या टायपिंग क्लासमध्ये मराठी टायपिंग करायचे. प्रबंध, अर्ज, लग्नाचे मायने. जूनमध्ये गुप्ते सर आले. हरिहर गुप्ते, राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, नौपाड्यात राहणारे. सत्तरनंतर दहा-बारा वर्षं त्यांनी वागळे इस्टेटमध्ये कामगारांचे अभ्यासवर्ग चालवले होते. जगन त्यांच्या शेवटच्या तुकडीतला. आमच्या चाळीत त्यांचं नाव अजून आदरानं घ्यायचे. त्यांचे डोळे अधू झाले होते. ते सांगणार, मी टाइप करणार. आठवड्यातून तीन दिवस त्यांच्या घरी. पुस्तकाचं नाव ‘नवपुराणमतवाद’.

पहिल्याच दिवशी मी हात थांबवला.

“सर, एक विचारू? पुराणमत म्हणजे जुनं धरून बसणं. मग त्याला नव कसं?”

सर खूश झाले. “बसा, यंत्र राहू दे. हे बघा सगुणाबाई, जुना पुराणमतवादी घरातूनच तसा येतो. आजोबांची पगडी बापाला, बापाची त्याला. हे अमेरिकेतले लोक तसे नव्हेत. ह्यांतले बरेच तरुणपणी डावे होते. सरकारनं योजना आखली की गरिबी जाईल, माणूस सुधारेल, असं मानणारे. मग त्यांनी योजनांचे परिणाम बघितले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तेव्हा म्हणाले, समाज म्हणजे यंत्र नव्हे, पट्टा बदलला की चालू. तो कुटुंबावर, धर्मावर, रीतीवर, शिस्तीवर उभा असतो. ते मोडलंत तर कुठलंही सरकार तो पुन्हा उभा करू शकत नाही. आणि जगात दुष्टपणा असतो. त्याच्याशी चर्चा करत बसू नये, ताकद असेल तर ती वापरावी. ठेच लागून शहाणे झालेले लोक आहेत हे.”

“तुम्हाला कुठं ठेच लागली, सर?”

सरांनी चष्मा काढला. काचा पुसल्या.

“ब्याऐंशीत. संप चालू होता. गुणाजी नावाचा एक कामगार, मुलगी तापानं फणफणलेली, म्हणून तो मागच्या दारानं कामावर गेला. त्याला नाल्यापाशी गाठून मारलं. तीन दिवसांनी गेला. मारणारे कोण? माझ्या वर्गातले. मी त्यांना शिकवलं होतं, शत्रू ओळखा. त्यांनी ओळखला.”

मग ते म्हणाले, “घ्या, लिहा,” आणि मी लिहिलं. त्या दिवशी मला त्यांची दया आली होती. ती अजूनही येते, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरी जेवताना जगननं विचारलं, “काय लिहितायत सर?” मी जमेल तसं सांगितलं.

“म्हणजे आधी आपल्यात होते, मग पलीकडे गेले, आणि आता पलीकडच्यांपेक्षा जोरात ओरडतात?” जगन हसला. “आमचा मधु फोरमनच की! युनियनमध्ये होता तोवर ‘दोस्त दोस्त’, फोरमन झाला नि मुतायला गेलो तरी घड्याळ बघायचा.”

“अहो, जेवताना काय बोलता!” रंभा म्हणाली.

“पण ताई,” जगनचा आवाज बदलला, “सर आता त्या समझोता समितीत आहेत. मालक आणि आम्ही, दोघांनी मिळून घेतलेत त्यांना. त्यांची पत्रं पण तूच टाइप करणार. आमच्या कंपनीचं काही कळलं तर सांगशील ना? पहिलं मला?”

“सांगेन,” मी म्हटलं.

जगनला त्याच पावसाळ्यात दुसरी वाट दिसली होती. आमचे दामाजीमामा मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात जुने कामगार. साहेबाला सांगून जगनला बदली कामगार म्हणून घेतो म्हणाले. पण ऑक्टोबर संपायच्या आत हजर व्हायचं, नंतर त्यांच्या हातात काही नाही, कारण मामा स्वतःच रिटायर होणार होते. जगनचा पाय निघत नव्हता. आपली कंपनी उघडणार असेल तर अकरा वर्षांची जागा सोडून मोहन्याला नव्यानं बदली म्हणून लागायचं? घरात रोज तेच बोलणं. रंभा म्हणायची जा, तो म्हणायचा बघू.

सप्टेंबरात सरांचं पाचवं प्रकरण सुरू झालं. त्यातली वाक्यं माझ्या बोटांना अजून पाठ आहेत. काही सत्यं सगळ्यांच्या पचनी पडत नाहीत. समाज टिकायचा तर बहुतेकांना श्रद्धा लागते, आशा लागते. त्या खऱ्या आहेत का, हा प्रश्न थोड्यांनी आपसात बोलावा, चव्हाट्यावर आणू नये.

“हे तिकडच्या सगळ्यांचं मत नाही हं,” सर म्हणाले. “त्यांच्यातही ह्यावर भांडणं आहेत. पण मला पटतं.”

“सर, तुम्ही देव मानता?”

“मी? माझी गोष्ट वेगळी आहे.”

“मग आमच्या आबांनी खाडीत टाक सोडले ते चुकलं? तीच रीत होती आमची. समाज तिच्यावरच उभा होता. आम्ही त्याच्या खाली होतो.”

सर हसून म्हणाले, “तुमचं हे नवं आहे ना, तेही शंभर वर्षांत परंपरा होईल. तेव्हा मी त्याचंसुद्धा रक्षण करीन.”

“शंभर वर्षं थांबायचं होय, सर?”

“घ्या, लिहा,” सर म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी मला मालकाला एक पत्र सांगितलं. चार ओळींचं. आपण कळवल्याप्रमाणे यंत्रे विकून हलवण्यात आली आहेत, याची नोंद घेतली. कामगारांत तूर्त अस्वस्थता नको, म्हणून हे मी समितीपुढे आत्ताच मांडत नाही. सोबत यंत्रांची यादी होती, तीही मीच टाइप केली. चौदा क्रमांकावर जगनची लेथ.

ऑगस्टपासून तेलपाण्याला कुणाला आत सोडत नव्हते. वायरिंग खराब आहे, शॉक बसेल, असं वॉचमन सांगायचा. तीन-तीन, चार-चार करून मागच्या दारानं यंत्रं गेली होती आणि पुढच्या दारात माणसं बसली होती.

माझे हात थांबले. सरांनी ते ऐकलं. डोळे अधू असले की कान तिखट होतात. म्हणाले, “सगुणाबाई, ह्या घरातला कागद ह्या घरात. तुम्ही शीलवान आहात, म्हणून तुमच्यावर सोपवतो.”

आठ दिवसांनी त्यांनी दुसरा मजकूर सांगितला, गेटवर लावायची नोटीस. समितीची बोलणी समाधानकारक चालू असून संक्रांतीनंतर कारखाना सुरू होण्याची आशा आहे, कामगारांनी शांतता राखावी. खाली सरांची सही. मालकाची सही असती तर आमच्या लोकांनी कागदाचा बोळा केला असता. मालकाच्या कागदावर विश्वास ठेवू नका, हे त्यांना सरांनीच शिकवलं होतं. सरांच्या कागदाबद्दल मात्र कुणीच शिकवलं नव्हतं.

आणि मी? मी मनाशी वाद घातला. चौथं शील बोलण्याचं आहे. मी बोलले नाही, मी टाइप केलं. ज्याचा मजकूर, त्याचं पाप. तीस वर्षं शील म्हणणाऱ्या बाईनं शोधून काढलेली पळवाट ही. तरीही पत्राचे, यादीचे आणि नोटिशीचे वापरलेले कार्बन मी टोपलीत टाकले नाहीत. घडी घालून पिशवीत ठेवले. का ठेवले, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दोन दिवसांनी आश्विनी पौर्णिमा होती, भिक्खूंचा वर्षावास संपण्याचा दिवस. मी पांढरी साडी नेसून खिडकीशी बसले होते. माझं मौन. जगन गेटवरून धावतच आला, चपला न काढता आत.

“ताई, नोटीस लागली! संक्रांतीनंतर चालू! सरांची सही आहे खाली. मी हात लावून बघितली.” तो माझ्यापुढे उकिडवा बसला. “तू टाइप केलीयेस ना? अक्षरं ओळखली मी, तुझ्या मशीनचा ‘र’ तुटका आहे. आज मौन आहे तुझं, माहितीये. बोलू नकोस. नुसती मान हलव. खरंय ना?”

मला उठून बोलता आलं असतं. मौन मी घेतलेलं होतं, मला सोडता आलं असतं. पण मौन होतं म्हणून हायसं वाटलं, हेच खरं. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. वर्षभरात तो असा दिसला नव्हता. सर म्हणत होते ते हेच का, असं वाटलं. आशा लागते माणसाला. दोन-तीन महिने सुखात जातील, पुढचं पुढं.

मी मान हलवली.

त्यानं माझ्या पायांना हात लावला. त्या संध्याकाळी मामांना निरोप गेला की मोहन्याला येत नाही. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः येऊन बसले, समजावलं, वैतागले, “गाढवा, गेटावर पथारी टाकून झोपतोस काय?” म्हणाले. जगन हसत राहिला. मी आत भाकऱ्या थापत होते. मामा दोन तास होते. तेवढ्यातही बोलता आलं असतं.

ऑक्टोबर संपला. संक्रांत आली आणि गेली.

त्याच दिवसांत आखातात लढाई पेटली. सरांच्या घरी टीव्ही दिवसभर चालू. सर पडद्याला नाक लावून बसायचे आणि सहावं प्रकरण सांगायचे. जुलमी सत्तेशी वाटाघाटी करून भागत नाही, बलवान लोकशाहीनं बळ वापरायला लाजू नये. त्यांचा आवाज तरुण झाला होता. मी टाइप करायचे. पडद्यावर हिरव्या अंधारात ठिणग्या उडताना दिसायच्या, खाली कोण आहे ते दिसायचं नाही.

“सर, संक्रांत झाली,” मी एकदा म्हटलं.

“हं. कळवू लवकरच.”

गेटवरची माणसं वीसची अकरा झाली. फेब्रुवारीत जगन मुकाट्यानं काम शोधायला बाहेर पडला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत शेड शेड फिरला. एका शेडमधल्या शेठनं विचारलं, लेथ येते? येते म्हणाला. चालवून दाखव. आत नेलं.

हे मला त्यानं सांगितलं नाही, रंभानं सांगितलं. झाकणावर नवा रंग मारला होता, पण रंगाखाली ठिपक्यांचा ‘ज’ बोटाला लागला. त्यानं जॉब लावला, एक कापणी घेतली. शेठ म्हणाला, हात बसलेला दिसतोय तुझा. जगन म्हणाला, अकरा वर्षं बसलाय. मशीन बंद केली, हात पुसले आणि निघून आला. काम मिळत होतं तरी थांबला नाही. घेतली कधी, एवढंच त्यानं शेठला विचारलं होतं. ऑगस्टात, शेठ म्हणाला.

रंभा तांदूळ निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही मान हलवली होतीत, वन्सं.”

जगन माझ्याशी बोलायचा बंद झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. मी ताट वाढलं की जेवायचा, ताट उचलायचा. कुणाशीच बोलत नव्हता म्हणा. पोटमाळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पहाटे मी पंचशील म्हणताना चौथ्या ओळीवर माझा आवाज फुटेना. चौथं गाळून चारच म्हणायला लागले.

मी सरांकडे गेले. टाइप करायला नाही, विचारायला. सगळं सांगितलं, मान हलवली तेही.

सर शांतपणे ऐकत होते. “पाच महिने, सगुणाबाई,” ते म्हणाले. “पाच महिने त्या गेटवर एक दगड पडला नाही. एक डोकं फुटलं नाही. यंत्रं गेलेली त्यांना सप्टेंबरात कळली असती तर काय झालं असतं, ते मी बघितलेलं आहे. मला दुसरा गुणाजी नको होता.”

“आणि जगन?”

“जगनचं मला वाईट वाटतं.” खरंच वाटत होतं.

“सर, त्यांनी दगड मारलेच असते असं कशावरून? कुणी मोहन्याला गेला असता. कुणी गावी गेला असता. रडले असते, मग उठले असते. तुम्ही त्यांना विचारलंत कुठं?”

“अशा गोष्टी विचारून होत नाहीत.”

मी उठले. जिन्यात थांबून भिंतीला टेकले. आठ महिने टाइप करून जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. तिकडच्या लोकांचं नसेल, निदान आमच्या सरांचं तरी. एके काळी सरांनी आमच्या माणसांवर सगळ्या जगाचा भार टाकला, तुम्ही इतिहास बदलणार म्हणाले. ती माणसं चुकली, तेव्हा सरांनी त्यांना एक साधा खरा कागदसुद्धा झेपणार नाही असं ठरवलं. दोन्ही वेळा ठरवलं सरांनी. आणि दुसऱ्या वेळी त्यांना माझी मान मिळाली. त्यांना निदान गुणाजी दिसत होता. माझ्यापाशी काय होतं? भावाचं हसू बघायची हाव.

घरी आले, पोटमाळ्याच्या शिडीवर उभं राहून जगनच्या पाठीला सगळं सांगितलं. पत्र, यादी, तारीख, कार्बन. तो हलला नाही. भिंतीकडूनच आवाज आला.

“मला आता कशाला सांगतेस, ताई? तिकडं अकरा जण बसलेत. सीताराम अजून डबा घेऊन येतो, पाळी असल्यागत. मी डोंबिवलीचं सांगितलं तर म्हणतात, दुसरी असेल, ‘ज’ काय तूच काढतोस का. सरांची सही आहे म्हणतात. त्यांना सांग.”

“तू येशील बरोबर?”

“नाय.”

“सांगेन,” मी म्हटलं.

“मागं पण म्हणालेलीस.”

“पौर्णिमेला सांगेन,” मी म्हटलं. “ज्या दिवशी गप्प बसले, त्याच दिवशी.”



आज फाल्गुनी पौर्णिमा. सकाळी रेडिओवर सांगितलं, आखातातली लढाई थांबली. चाळीत पोरं होळीची लाकडं गोळा करतायत. संध्याकाळी सहाला टेंभी नाक्याजवळच्या सभागृहात सरांचं व्याख्यान आहे, ‘नवपुराणमतवाद म्हणजे काय?’ ते मीच टाइप केलंय, बावीस पानं. ती पानं शेजारच्या बाबुरावांच्या हाती सरांकडे पाठवून दिली. आत चिठ्ठी ठेवली: पाचव्या प्रकरणातलं माझं काम मी परत घेते आहे.

त्या अकरा जणांना सांगून काय होणार, मला माहीत आहे. यंत्रं परत येणार नाहीत. मोहन्याची जागा गेली, मामा गावी गेले. कुणी मला शिव्या देईल, कुणी सरांना. कदाचित कुणी दगडही उचलेल, आणि सर म्हणतील, बघा. ती भीती मनात आहेच. सीताराम बहुतेक नुसता डब्याकडे बघत बसेल. जगन खाली उतरेल असंही वाटत नाही.

मी पांढरी साडी नेसले. मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं. चौथ्या ओळीला आज आवाज आला, पुसट. यादीचा कार्बन उजेडाकडे धरून पाहिला. काळ्यावर पांढरी अक्षरं, तुटका ‘र’, चौदावा क्रमांक, सगळं वाचता येतं. घडी घालून पिशवीत ठेवला.

रंभा दारात होती. “वन्सं, आज तर तुमचं मौन ना?”

“आज नाही,” मी म्हटलं.

पोटमाळ्यावर हालचाल झाली नाही. मी चपला घातल्या आणि वागळे इस्टेटच्या रस्त्याला लागले.